एकमताचे मोदक

टोकियोतल्या निशी-कसाईत माझं किराणा दुकान आहे आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळानं गणपतीसाठी शेजारच्या फुनाबोरीतल्या दुकानदाराचे फ्रोझन मोदक बहुमतानं ठरवले. उकडीचे करा म्हणून मी घसा फोडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. रागानं तडक निघालो तो सभागृहात बूट काढून घालायला दिलेल्या सपातांतच स्टेशनपर्यंत पोचलो. मग त्या परत करून बूट घ्यायला मान खाली घालून मागे आलो.

अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी एक नागपूरची मुलगी दुकानात यायची. तिच्यापुढे मी हे गाऱ्हाणं मांडलं.

"काका, स्वीडनमध्ये पूर्वी एक अर्थतज्ज्ञ होता, अगदी तुमच्यासारखा. जिभेपायी तुरुंगात गेला. राजाकडच्या अर्जात 'आज्ञाधारक सेवक' लिहायला तयार नव्हता, म्हणून प्राध्यापकीही अडली."

"आणि म्हणणं काय होतं त्याचं?"

"सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टीला जवळजवळ सगळ्यांची संमती हवी. नुसतं बहुमत म्हणजे उरलेल्यांवर जबरदस्ती. आजही अभ्यासक त्यावर वाद घालतात. आणि हो, प्रस्ताव मांडतानाच त्याचा भार कोण उचलणार तेही सांगायचं."

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. तिची तूरडाळ मोजत होतो.

पुढे वर्षभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला डाळीबरोबर हा स्वीडिश माणूस बांधून दिला. कंटाळून मंडळानं एकमताचा नियम केला. केला बहुमतानंच, पण तेव्हा मी हरकत घेतली नाही.

यंदा मी उकडीच्या मोदकांचा प्रस्ताव मांडला. सगळे हात वर गेले, एक सोडून. तो माझ्या बायकोचा.

"अहो, दोनशे मोदक वळणार कोण?"

"सगळ्या मिळून..."

"सगळ्या म्हणजे कोण? नाव सांगा. नाहीतर माझा नकार. नियम तुमचाच आहे."

मागून नागपूरची मुलगी म्हणाली, "काका, भार कोण उचलणार ते सांगायचं असतं."

घाऊक व्यापाऱ्यांना घाम फोडणारा मी, शंभर मी वळतो म्हटलं, मग दीडशेवर आलो. बायको दोनशेवरून हलली नाही. प्रस्ताव पडू द्यायचा नव्हता, म्हणून पूर्ण दोनशेसाठी मी माझंच नाव सांगितलं.

गणपतीच्या दिवशी फुनाबोरीवाला स्वतःहून माझ्या शेजारी मोदक वळायला येऊन बसला. त्याच्या हातून नाजूक कळ्या पडत होत्या. माझे मोदक आडवे होऊन झोपत होते. उकडल्यावर इथंच वाढलेल्या एका चिमुरडीनं माझा एक उचलून निरखला.

"ग्योझा?" म्हणजे करंजीच्या आकाराचं, खिमा भरलेलं इथलं डंपलिंग.

बाकीच्या पोरांनीही बघून माना डोलावल्या. ग्योझाच. एकही विरोधी मत नव्हतं. मी तूप वाढलं.