रुसलेला थर्मोस्टॅट

शिर्डीच्या आमच्या लॉजवर मालकांनी खोल्याखोल्यांतून स्मार्ट थर्मोस्टॅट बसवले, तेव्हापासून कोपरगावचा एसी मेकॅनिक आमच्याकडे जवळजवळ नांदायलाच आला. मी तिथला मॅनेजर, त्यामुळे त्याला बोलवायचं काम माझं.

बिघडलेल्या यंत्राशी तो आधी गोडीनं बोलायचा. "का रुसलात, पाव्हणं?" म्हणत मेन स्विच बंद-चालू करायचा, वायफाय बघायचा, मग कव्हर काढून वायरी चाचपायचा. एवढ्यानं भागलं नाही की त्याच पाव्हण्याचा बाप काढायचा.

मे महिन्यात एका खोलीत तान्हं बाळ घेऊन एक जोडपं उतरलं. थर्मोस्टॅट अठरा दाखवत होता आणि खोलीची भट्टी झाली होती. बाळ रडून लालबुंद. लॉज भरलेला, दुसरी खोली नाही. मेकॅनिकनं गोडी करून पाहिली, बापही काढला.

"बोर्ड गेलाय, सायेब. नवा पुन्याहून येईल. आज काय हुनार न्हाई," असं म्हणून तो चक्क निघून गेला. मी त्याच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडली.

दुपारी तो टेम्पो घेऊन परत आला. टेम्पोत कूलर होता. त्यानं तो खोलीत लावला, टाकी भरली. बाळ थोड्याच वेळात झोपलं. तेवढ्यात मेकॅनिकचा फोन वाजला. बायकोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आवं, आपला कूलर कुटं गेला?"

"दुरुस्तीला आनलाय."

"चांगला चालत हुता की!"

त्यानं झोपलेल्या बाळाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "व्हय, हितं बी चांगलाच चालतोय."