चपट्या जंतांचं औषध

जनावरांच्या औषधवाल्याने मला फसवलं. माझ्या नऊ गाभण शेळ्या त्यात गेल्या.

आंदर मावळात मी अर्धलीच्या दोन शेळ्यांवर सुरुवात केली. शेळ्या दुसऱ्याच्या, राखण माझी, पिल्लं निम्मी-निम्मी. आज लोणावळ्याच्या तीन मटणाच्या दुकानांत माझा माल जातो. दात आणि डोळ्याची आतली कड बघून मी भाव पाडतो. कोणी शब्द फिरवला तर माझा आवाज चढतो. औषधवाला गावभर तेवढंच सांगत फिरतो, म्हणून मीच आधी सांगितलं.

भात निघालं की आमच्याकडे जनावरं खाचरात मोकळी सोडतात. खाचर कोणाचं, हे कोणी विचारत नाही. ओलीत गोगलगायी असतात, त्यांच्यातून चपटे जंत गवतावर येतात आणि चरणाऱ्या शेळीच्या कलेजीत जाऊन बसतात. पुढे जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. चार शेळ्यांना ती आली तेव्हा मी दुकानात गेलो. त्याने पहिली बाटली काढली, ती महाग म्हणून मी परत सारली. मग त्याने खालच्या फळीवरची दुसरी काढली.

"ही चपट्या जंतांना चालंल का?"

"सगळ्या जंतांना चालते, भाऊ."

"सगळ्या म्हंजी चपट्याबी?"

"होय हो. घासाघीस भावात करा, औषधात नको."

मी भावात केली. दोन बाटल्यांवर एक फुकट मिळवली आणि खुशीत घरी आलो. सगळ्या कळपाला औषध पाजलं. महिन्याच्या आत पहिली शेळी मेली, मग रांगच लागली.

लोणावळ्याच्या एका मटणवाल्याकडे तळेगावच्या एक प्राध्यापिका याच जंतांसाठी येत. त्या चपट्या जंतांच्या स्नायूंचा अभ्यास करत. माझ्या बोकडांच्या कलेजीत जंत निघाले, तेव्हा मी ते बर्फावर ठेवून त्यांना दिले. मटणाला आम्ही तेच करतो. गारठ्याने जंत मेले होते, म्हणून त्यांनी सगळे टाकून दिले आणि मला चहाचा थर्मास दिला, आत कोमट मिठाचं पाणी. पुढच्या वेळी, शेळ्या मरत होत्या तेव्हा, मी थर्मासात जिवंत जंत घेऊन स्वतःच त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो.

जंत पेरूच्या कोवळ्या पानासारखा दिसतो. त्यांनी तो दोऱ्याने कोमट पाण्यात टांगला. दुसरा दोरा यंत्राला. जंत हलेल तशी पडद्यावर रेष हलायची. त्यांनी कसला तरी एक थेंब टाकला आणि रेष उसळायला लागली.

"ह्याला डोकं न्हाई. मग हलायला सांगतंय कोण?"

"डोकं आहे, मोहरीपेक्षा बारीक. नसांमधून प्रथिनांचे छोटे तुकडे सुटतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. ते स्नायूला लागले की जंत आवळतो. म्हणून तर तो कलेजीत पुढे सरकतो, टिकून राहतो. मी टाकला तो तसाच एक तुकडा."

"मग ते तुकडंच बंद पाडा की, मॅडम."

"तेच शोधतोय. जमलं तर नवं औषध होईल. वर्षं लागतील."

माझ्या शेळ्यांकडे वर्षं नव्हती. मी पिशवीतून औषधवाल्याची बाटली काढली आणि म्हणालो, "हे टाका." त्यांनी आधी बाटली वाचली.

"हे गोल जंतांचं आहे. चपट्यांवर चालत नाही."

"टाका तरी."

त्यांनी नाइलाजाने नव्या भांड्यात, नव्या जंतावर टाकलं. रेष होती तशीच चालत राहिली. मी पडद्याचा फोटो काढायला लागलो तर त्यांनी हात आडवा धरला.

"याला पुरावा म्हणू नका. शेळीच्या अंगात औषध वेगळं वागतं. पुरावा बाटलीवर छापलाय."

छापला होता. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

सरकारी दवाखान्यातून योग्य औषध मिळेपर्यंत नऊ मेल्या होत्या. बाकीच्या वाचल्या. मी दुकानात गेलो, आवाज चढवला, तेव्हा औषधवाला शांतपणे म्हणाला, "स्वस्तातलं तुम्हीच मागितलं, भाऊ."

मागितलं. स्वस्त मागणं हा माझा धंदाच आहे, तो मी उद्याही करीन. पण औषधवाल्या, मी चपट्यांचं नाव घेऊन दोनदा विचारलं होतं, आणि होय म्हणणारा तू होतास. बाटलीवर काय छापलंय ते तुला वाचता येतं, मला येत नाही, हेही तुला ठाऊक होतं. ते होय तू कशाच्या जोरावर म्हणालास, ते गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मला सांग.