फेटा नको, ग्लोव्हज द्या

आमच्या पेठेत माणूस संपला हे दोन प्रकारांनी कळतं. एक, तिरडी बांधायला घेतात. दोन, फेटा बांधायला घेतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तेव्हा आपण जागे असतो आणि वर हसावं लागतं.

मला फेटा बांधायचं ठरलं ते भाकरीवरून. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. वय बावन्न. सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्यासारख्या जुन्या खोडांची एक मॅच होते, शेजारच्या पेठेविरुद्ध. बक्षीस काही नसतं, पण हरलेल्यांना वर्षभर चहाच्या गाड्यावर तोंड लपवावं लागतं. त्या मॅचची बैठक म्हणजे रस्सा-भाकरी. त्या रात्री माझ्या हातून भाकरी मोडेना. बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी पेस्टचं टोपण फिरत नव्हतं, सदऱ्याची बटणं बायको लावत होती. हे मी घरात झाकून ठेवलं होतं. भाकरीनं चारचौघांत उघडं पाडलं.

माझा दोस्त समोर बसला होता. टीमचा कॅप्टन आणि फुलबॅक, आम्ही बालवाडीपासून एकमेकांच्या पायात पाय घालत आलोय. त्यानं रश्शाची वाटी खाली ठेवली.

"हाताला काय झालंय रं?"

"काय न्हाय. भाकरी शिळी हाय."

"तव्यावरनं आत्ता आलीया, लेका. यंदा तू गोलात न्हाय. तुझा सत्कार करूया. फेटा, शाल, पयल्या रांगेत खुर्ची. काय म्हणतोस?"

"मी मेलोय व्हय?"

"न्हाईस, म्हणून तर खुर्ची देतोय की."

सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन शपथ घेतली, की गोलात मीच उभा राहणार. शपथ चांगली होती. पुढचं सगळं चुकलं.

कोल्हापुरी माणसाला कुठल्याही दुखण्याचं एकच कारण ठाऊक असतं: ताकद कमी पडली. आणि एकच औषध: वाढवा. डॉक्टरकडं जायच्या ऐवजी मी प्रतिकारशक्ती वाढवायला घेतली. शेजारच्या कुंपणावरचा गुळवेल उपसून दोन वेळा काढा. अश्वगंधेचं चूर्ण, पुडीवर एक चमचा लिहिलंय म्हणून मी तीन. कच्ची हळद, च्यवनप्राश, कुणीतरी दिलेला हिरवा रस, ज्याची चव तळ्यातल्या शेवाळासारखी होती. पहाटे तालमीतल्या पोरांबरोबर बदामाची थंडाई. पोरं जोर काढून पीत होती, मी नुसतीच पीत होतो. महिन्याभरात बोटं गाजरासारखी झाली, मनगटंही धरली. अन्न समोर आलं की मळमळायचं. तरी मी डोस वाढवत होतो. हरणाऱ्या टीमनं अजून फॉरवर्ड आत घालावेत तसं.

एका सकाळी बायको बटणं लावता लावता थांबली. "अवो, डोळं पिवळं दिसाय लागलेत."

"हळद हाय ती. मुरली."

तिनं सगळे डबे, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि मला रिक्षात घातलं.

सांध्यांच्या डॉक्टर जयसिंगपूरकडच्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. बायकोनं पिशवी टेबलावर मोकळी केली. डॉक्टर एकेक बाटली बघत गेल्या.

"काका, दुकान टाकताय का?"

मग रक्त तपासलं, हाताचे फोटो काढले. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं. लिव्हर कावलेलं होतं, म्हणून आधी ती पिशवी बंद. आणि सांध्यांचं दुखणं प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळं नव्हतंच.

"तुमची शक्ती भरपूर आहे, पण तिचं डोकं फिरलंय. बाहेरच्यांना सोडून घरच्यांनाच मारतेय. फुटबॉल खेळता म्हणालात ना? तुमचा फुलबॅक स्वतःच्याच गोलात बॉल मारतोय. आणि तुम्ही त्याला रोज बदाम खाऊ घालताय."

माझ्या डोळ्यांसमोर माझा दोस्तच आला. "मग त्याला बाहेर काढा," मी म्हणालो.

"बाहेर काढलं तर बाहेरचे येऊन गोल मारतील. त्याला ताळ्यावर आणायचं. काही काम गोळ्या करतील, काही तुम्ही करायचं."

माझ्या वाट्याचं काम ऐकून मी निराशच झालो. त्यात वीरश्री अशी काही नव्हतीच. सिगारेट बंद. रोज वेळेवर झोप. चालणं. ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक, फळ, कधी मासे. मटणाला बंदी नाही, पण रश्शावरचा तेलाचा कट वाटीनं प्यायचा नाही. हे तर माझी बायको वीस वर्षं फुकट सांगत होती. ती शेजारी बसून छताकडं बघत होती. असं छताकडं बघणं फक्त जिंकलेल्या माणसाला जमतं.

"आणि मॅच?" मी विचारलं. "चार महिन्यांनी आहे."

"मुठी वळल्या तर बघू. मला विचारल्याशिवाय नाही. आणि एक, या गोळ्यांनी शक्ती जरा दबते, म्हणून त्या चालू असताना कच्चं काही नको. दूध उकळूनच."

"उकळूनच," मी मान डोलावली.

आता माझं दुसरं शहाणपण ऐका. आमच्याकडं दूधकट्टा असतो. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गवळी तुमच्या डोळ्यांसमोर ग्लासात धार काढतो, वर हा एवढा फेस. लहानपणी घरचे मला धरून आणून हे दूध पाजायचे. दोन महिने गोळ्या घेतल्यावर पेस्टचं टोपण फिरायला लागलं होतं. त्या आनंदात मी दोस्ताबरोबर कट्ट्यावर गेलो. डॉक्टर म्हणाल्या होत्या कच्चं नको. पण धारोष्ण म्हणजे कच्चं थोडंच? कच्चं ते पिशवीतलं. हे तर म्हशीनंच गरम करून दिलंय. असा न्याय मी स्वतःच केला, स्वतःच्या बाजूनं निकाल दिला आणि दोन ग्लास प्यालो. मिशीला फेस लागला तो पुसलाही नाही. दोस्त म्हणाला, "आता कसा वाघ दिसतोस!"

तिसऱ्या दिवशी वाघ सलाईनवर होता. ताप, जुलाब, उलट्या. डॉक्टर कॉटशेजारी उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "काका, म्हशीनं उकळून दिलं होतं का?"

अंगातला संसर्ग जाईपर्यंत सांध्यांच्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. बोटं पुन्हा सुजली. बटणं पुन्हा बायकोकडं गेली. मॅचला दोन महिने उरले होते आणि माझा एक महिना दोन ग्लासांत बुडाला. दोस्त बघायला आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. त्यातून केशरी कापड डोकावत होतं.

"सहज घेतलाय," तो म्हणाला. "रंग बघ की."

त्या केशरी कापडानं माझं डोकं ठिकाणावर आणलं. तोवर बंडखोरी म्हणजे नको सांगितलेलं करणं, अशी माझी समजूत होती. सिगारेट ओढून, रस्सा ओरपून मी कुणाला भीक घालत नव्हतो. पण खरं सांगू? आमच्या पेठेत ते सगळेच करतात. त्यात कसलं आलंय बंड? गप्पांना जिथं दहाला रंग चढतो, तिथं दहाला "मी चाललो झोपायला" म्हणून उठून दाखवा. पाठीमागून काय काय ऐकू येतं ते मी ऐकलंय. एकानं पाळणा म्हटला. मी वळून "दुसरं कडवं येतंय का?" विचारलं आणि जाऊन झोपलो.

कट्ट्यावर जायचंही मी सोडलं नाही. किटली घेऊन जायचो. गवळ्यानं मला चड्डीत असल्यापासून पाहिलेलं. किटली बघून तो धार काढता काढता थबकला.

"ग्लास न्हाय?"

"किटलीत घाल. घरात तापवून पिणार."

"तापवून?" त्यानं म्हशीकडं बघितलं, म्हैस अपमान समजून घेईल की काय अशा नजरेनं. "कुठलं म्हणायचं पावणं तुम्ही?"

जन्मलेल्या घरापासून चाळीस पावलांवर मी पाहुणा झालो. "उकळत्या दुधाच्या गावचा," मी म्हणालो आणि किटली पुढं केली. रोज.

सल्ले देणारे कमी झाले नाहीत. एक नवी पावडर तर दोस्तानंच आणली. "घे. हिनं इम्युनिटी दुप्पट हुती."

"दुप्पट काय करू? हाय तीच आवरंना झालीया."

तो डबा मी त्यालाच परत दिला. त्यानं घेतला आणि पंधरा दिवस तोच प्याला म्हणे. परिणाम मी विचारला नाही.

हात सुधारले ते कशानं, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मोठं काम गोळ्यांनीच केलं असणार. झोपेनं, चालण्यानं, भाकरी-भाजीनं त्यांना साथ दिली, सिगारेट सुटल्यानं सकाळचा आखडलेपणा उतरला असं मला वाटतं. कशाचं श्रेय किती, हा वाद मी घालत नाही. मॅचच्या आदल्या आठवड्यात ताटातली भाकरी मी एका हातानं मोडली. बायकोनं पाहिलं. दुसरी भाकरी पुढं सरकवली. "ही पण मोडा. बघू दे एकदा."

डॉक्टरांनी मुठी आवळायला लावल्या, रिपोर्ट बघितला. "पंधरा मिनिटं. उड्या मारायच्या नाहीत."

"गोलकीपर उडी मारणार नाही?"

"काका, तुम्ही आधी तरी मारत होता का?"

मॅचच्या दिवशी कडेला खुर्ची मांडलेलीच होती. तिच्यावर फेट्याची पिशवी. कुणाचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि खरं तर त्यांचं चुकत नव्हतं. पहिलाच बॉल रांगत आला आणि माझ्या पायांतून आत गेला. मागून आरोळी उठली, "फेटा आणा रं!" दुसरा डोक्यावरून गेला. उडी मनाई होती, त्यामुळं मी त्याला नुसतं बघितलं. तिसरा मात्र सरळ छातीवर आला. दोन्ही हातांनी धरला. बोटांतून कळ गेली ती खांद्यापर्यंत. सोडला नाही. पोटाशी धरून तसाच उभा राहिलो. एवढा वेळ, की रेफरी ओरडला, "पावणं, बॉल खेळायला द्या की!"

पंधरा मिनिटांनी मी बाहेर आलो. हाफ टाइमला दोस्त धापा टाकत आला आणि दिसेल त्यावर बसला. ती खुर्ची होती.

"दोन खाल्लंस," तो म्हणाला.

"आणि एक धरला. फेटा बांधू का तुला? बसलाच हाईस."

त्यानं दिलेली शिवी इथं लिहिता येत नाही. उठला मात्र लगेच.

बायको ग्लोव्हज काढायला पुढं आली. मी हात मागं घेतला. एकेक बोट सोडवत ग्लोव्हज स्वतः काढले, जरा वेळ लागला. जर्सी काढली, सदरा घातला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली. ती तोवर बघत उभी होती.

"अवो, एक बटण चुकलंय. सगळा सदरा तिरका झालाय."

"होऊ दे तिरका," मी म्हणालो. "बटणं मी लावल्यात."