शपथेचा फेरफार

चौक गावच्या बौद्धवाडीत भिवाजीच्या शब्दाला मान होता. धम्म घेतल्यावर त्यानंच गावासमोर शपथ घेतली होती, "मेलेलं ढोर ओढायचं नाय, गावकीचं टपाल खालापूरच्या कचेरीत न्यायचं नाय, चावडीची पायरी चढायची नाय. या कामांपायी मिळालेलं वतन आमाला नको!" शेजारी धाकटा भाऊ मालोजी उभा होता. त्यानंही हात वर केला होता.

तीन वर्षांनी सरकारनं वतनं रद्द केली. भावकीत वाचता येणारा मालोजी एकटाच. तो म्हणाला, "दादा, वतन गेलं. त्याच्यासंगं वतनाचं शेतबी गेलं."

भिवाजीनं वाडीत गूळ वाटला आणि खोपोलीच्या कारखान्यात हमालीला लागला. शेत मालोजीच कसायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "सरकारकडून वर्षाच्या बोलीनं घेतलंय."

अशी अकरा वर्षं गेली. एक दिवस भिवाजीची बायको अंबाबाई म्हणाली, "भाड्याच्या खोलीतच मरायचं का? सरकारला अर्ज करा. शेताच्या कडंला चार वासं उभं करू."

भिवाजी तलाठ्याच्या घरी गेला. तलाठ्यानं दप्तर उघडलं.

"सरकारला कशाला अर्ज? जमीन मालोजीच्या नावावर आहे. कायद्यानं वतन गेलं, जमीन नाही. मुदतीत अर्ज करून रक्कम भरली की ती वतनदारालाच परत मिळत होती."

"वतनदार तर आमी दोघं."

"फेरफारात लिहिलंय, थोरल्या भावानं गावासमोर हक्क सोडला. पाच पंचांच्या सह्या आहेत. हरकत घ्यायची नोटीस महिनाभर चावडीवर लागली होती, बाबा."

भिवाजी उठला. चावडीवर त्यानं छप्पन सालापासून पाऊल टाकलं नव्हतं.

मालोजी ओढ्यावर बैल धूत होता. वर न बघताच म्हणाला, "खोटं काय लिवलंय, दादा? तू बोलला नव्हतास?"

"बोललो. तूबी बोलला व्हतास, मालू."

"माझं कुनी ध्यानात ठेवलं नाय."

वैशाख पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचा मान भिवाजीचाच असे. पहिलं शील झालं. दुसरं होतं, न दिलेलं घेणार नाही. तिथं तो थांबला.

"मालू, हे तू सांग रं."

सगळ्यांच्या माना वळल्या. मालोजी उठला, त्यानं घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात ते शील सांगितलं. साऱ्या वाडीनं त्याच्यामागून म्हटलं.

भिवाजीचे ओठ तेवढे हलले नाहीत.