यमुनाबाईंच्या लेपातलं शिसं

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. तसा मी तोंडाचा सैल माणूस. वलगावला मित्राच्या लग्नाला जाऊन भलत्याच मांडवात जेवून आलो, आहेरही तिथेच देऊन आलो — हे तुम्ही माझ्याकडून दहादा ऐकलं असेल. अकोल्याचा किस्साही ऐकला असेल. पण तो मी नेहमी अर्ध्यावर थांबवतो. लोक हसतात, मी चहा मागवतो, विषय बदलतो. उरलेला अर्धा आजवर कोणी विचारला नाही, आणि मी — मी कशाला आपणहून सांगू?

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. अमरावतीच्या एका हायस्कुलात मी रसायन शिकवत होतो. वय एकोणतीस, लग्न नाही, आणि रंग — कसा सांगू? फळ्यासमोर उभा राहिलो की मागच्या बाकांवरून फक्त माझा सदरा दिसायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला यमुनाबाई राहत. त्यांचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तो गेला, पण बाई त्याच्याकडून मलमं घोटायला शिकल्या होत्या. उन्हानं तोंड पोळू नये म्हणून त्या एक लेप करत. जस्ताची पांढरी भुकटी, मेण, तिळाचं तेल, गुलाबपाणी. नुसतं जस्त लावलं तर माणूस पीठ सांडल्यासारखा दिसतो, म्हणून त्यात सोनगेरू — पाण्यात सात वेळा निथळून, फडक्यातून गाळून घेतलेला. गेरू कमीजास्त घालून तीन रंगांच्या तीन बरण्या. ज्याला त्याला आपापल्या अंगाच्या रंगाचा. नवं गिऱ्हाईक आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून दोन दिवस थांबायला सांगत. खाज आली नाही, तरच बरणी मिळायची. आणि वर ऐकवत, "यानं कोनी गोरं नाई होत, पहिलेच सांगून ठेवते. गोरं व्हायचं असन तर बजारात पाऱ्याचं मलम भेटते, ते लावा अन् भोगा."

मी डिग्रीवाला. असली काळजी मी माझ्या प्रयोगशाळेत तरी घेत होतो का?

अकोल्याची मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. बहिणीसाठी हवंय म्हणालो. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिसरी बरणी पुढे केली, सगळ्यात गडद. मी पहिली मागितली.

"मास्तर, हा रंग तुमच्या — बहिनीचा नोहे," त्या म्हणाल्या. "अन् चेहऱ्याले तेल नोका लावू याच्याखाली. वघळते."

मी पहिलीच बरणी घेतली. तेलही लावलं, भरपूर, खोबरेल. अकोल्याच्या स्टँडवर एस.टी.च्या ड्रायव्हरच्या आरशात बघून तोंडावर दोन हात दिले, भिंतीला देतात तसे. मे महिना. अकोल्याचा मे तुम्हाला ठाऊक आहे. मुलीनं पोह्यांची बशी पुढे केली तोवर माझ्या कपाळावरून पहिला ओघळ निघाला होता. मग दुसरा. गुलाबी, दाट, सावकाश. कॉलर भिजली. ते आधी दिसलं मुलीच्या मावशीला.

"अवो माय," त्या आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "पाव्हन्याचा रंग उतरून राहिला!"

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. इथे सगळे हसतात.

मुलीकडून नकार आला. त्याचं मला फार वाटलं नाही, खरंच. मला लागलं ते दुसरंच. परत आलो तो तडक यमुनाबाईंच्या ओट्यावर गेलो आणि तुमचा लेप म्हणजे फसवणूक आहे, म्हणून आवाज चढवला. ओट्यावर चारपाच बायका बसल्या होत्या. बाईंनी माझी कॉलर पाहिली — मूर्खासारखा मी तोच सदरा घालून गेलो होतो — आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "म्या म्हनलं होतं ना मास्तर! काहून तेल लावलं बाप्पा?"

आठ दिवसांत शाळेत माझं नाव 'गिलावा सर' पडलं. मी वर्गात शिरलो की मागून कोणीतरी थापीनं भिंत घासल्याचा आवाज काढायचं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा हसण्याचा राग किती दिवस राहील? सात महिने राहिला. मी तो जपला, ऊब दिली, रोज जाता-येता त्यांच्या ओट्याकडे बघून वाढवला. ज्यानं आपल्याला आधीच सांगितलेलं असतं, त्याला माफ करणं किती कठीण — तुम्ही कधी करून पाहिलंय?

मग डिसेंबरात बाई स्वतःच माझ्याकडे आल्या. हेच ते. इथूनच मी नेहमी विषय बदलतो.

अकोल्याचे एक दुकानदार, चंदूलालजी, बाईंच्या बरण्या आपल्या दुकानात ठेवायला तयार झाले होते. अकोट, मूर्तिजापूर, सगळीकडे पाठवू म्हणत होते. पण माणूस सावध. पांढरी भुकटी जस्ताची असते तशी शिशाचीही असते, आणि शिसं रोज तोंडाला लागलं तर अंगात भिनतं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. कोणा शिकलेल्या माणसानं तपासून दाखला द्यावा, एवढीच त्यांची अट. गल्लीत शिकलेला माणूस कोण? मी. बाईंनी माझ्यापुढे तीन बरण्या ठेवल्या आणि लेपात काय काय किती घालतात ते सगळं सांगितलं. कोणालाही न सांगितलेलं प्रमाण — मला सांगितलं. "तुमी पाहून घ्या मास्तर. काही वंगाळ असन तर मलेबी समजलं पाह्यजे. मी माह्या कुसुमलेच लावते ना हे." कुसुम त्यांची एकुलती मुलगी. पंधरा वर्षांची.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकट्यानं तपासणी केली. तपासणी सोपी आहे. लेपातलं तेल-मेण काढायचं, भुकटी सौम्य आम्लात विरघळवायची आणि तिच्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडायचा. जस्त असेल तर तळाशी बसणारा साका पांढरा. शिसं असेल तर काळाकुट्ट. तिन्ही बरण्यांचा साका पांढरा आला. पुन्हा करून पाहिलं. दुधासारखा पांढरा. दाखल्याचा कागद समोर होता, पेन हातात होतं. एक सही — आणि माझा सूड संपला असता.

म्हणून मी सही केली नाही. उद्या सर्वांसमोर करून दाखवतो, असा निरोप धाडला.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेत चंदूलालजी आले, यमुनाबाई नवं लुगडं नेसून आल्या, कुसुम आली, आणि हेडमास्तरांच्या पत्नी आल्या, त्याही बाईंच्या गिऱ्हाईक. मी वर्गात करतो तसं छोटं भाषण केलं — काळं म्हणजे शिसं, पांढरं म्हणजे निर्धास्त. मग काचेची नळी धुऊन आणतो म्हणून आत गेलो. कपाटात शिशाच्या एका क्षाराचं द्रावण होतं. पाण्यासारखं दिसतं. नळीच्या तळाशी मी त्याचे सातआठ थेंब सोडले.

झालं. हा तो गुन्हा. इतका छोटा — सातआठ थेंब.

बाहेर येऊन त्यावर लेपाचं द्रावण ओतलं, वायू सोडला आणि नळी काळी झाली. काजळासारखी. चंदूलालजींनी रुमाल नाकाला लावला आणि हेडमास्तरीणबाईंनी पदरानं आपला गाल पुसला, एकदा, दोनदा. आणि मला — खोटं कशाला बोलू? मला गोड वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला, त्या सडक्या वासातसुद्धा.

मी भांडणाची तयारी करून आलो होतो. बाई आता तोंड सोडतील, मला खोटं पाडतील, मग मी शास्त्र सांगेन — वाक्यंसुद्धा पाठ होती. बाई भांडल्याच नाहीत. पुढे झाल्या, नळीत वाकून पाहिलं.

"मास्तर, हे माह्याच लेपातलं होय?"

"तुमच्याच."

त्यांनी विश्वास ठेवला. हे माझ्या हिशेबात नव्हतं हो! त्या वळल्या आणि कुसुमचं तोंड पदरानं पुसायला लागल्या. घासून घासून. पोरगी "माय, दुखते" म्हणत होती आणि त्या थांबत नव्हत्या. "सात वर्सं," एवढंच म्हणत होत्या, "सात वर्सं लावून राहिली मी इले."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. मी गॅसची तोटी बंद केली.

पुढचे पंधरा दिवस यमुनाबाई घरोघर जाऊन आपल्या बरण्या परत आणत होत्या. मागे कोणी लागलं नव्हतं, पण त्या गेल्या — वलगावला चालत, परतवाड्याला एस.टी.नं. प्रत्येक दारात सांगत, माझ्या लेपात शिसं निघालं, लावू नका, माझं चुकलं. भुकटी देणाऱ्या दुकानदारावरही त्यांनी आळ घेतला नाही. मीच पारखून घ्यायला पाहिजे होती, म्हणाल्या. परत आणलेल्या बरण्या त्यांनी मागच्या अंगणात खड्डा करून पुरल्या. खलबत्तासुद्धा. मग मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायला लागल्या. माझं 'गिलावा सर' हे नाव शाळेतून गेलं. लोक मला आता मान देत, कारण मी शहराला विषापासून वाचवलं होतं. मी तो मान घेतला. मिरवलाही.

चारेक वर्षांनी कुसुमचं लग्न झालं, आणि दोन वर्षांत तिचं एक मूल जन्मतःच गेलं. दिवस भरले नव्हते, म्हणत. अशी मुलं तेव्हा घरोघर जात, कारण कोण शोधणार? यमुनाबाईंनी शोधलं. एका दुपारी त्या माझ्या दारात आल्या. हातात पिठाचा वास होता. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मास्तर, एक इचारू? शिसं अंगात किती वर्सं राह्यते?"

बघा, किती सोपं होतं. घरात मी एकटाच होतो. समोर एक बाई, जिला वाटत होतं की आपण आपल्या मुलीच्या तोंडाला विष चोळलं आणि नातू मारला. एक वाक्य पुरे होतं. राग तर केव्हाच विझला होता, मग काय अडत होतं? तो मान अडत होता. तेवढंच.

मी चष्मा काढला, पुसला, आणि वर्गात सांगतो तसं सांगितलं, "बरीच वर्षं राहतं, यमुनाबाई. हाडांत जाऊन बसतं."

त्यांनी मान हलवली. ऐकून घेतलं, सगळं. मग खाली वाकून मला नमस्कार केला, खरं सांगितलं म्हणून.

मी तो घेतला.