साडूंचे चपटे विद्यार्थी

अत्यंत गंभीर बाब सांगतो आहे, कृपया कोणी हसू नये. किड्यांची शिकवणी घेणारा जगातला एकमेव माणूस रत्नागिरीत होऊन गेला, आणि तो माझा थोरला साडू होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे माणसं कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या विश्वस्तांशी भांडतात. नव्या शतकात संगणक बंद पडणार म्हणून सगळं जग घाबरलेलं असताना आमचे साडू घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाकून दगडांखालचे चपटे किडे गोळा करत होते. किडा नखाएवढा, डोळे तिरळे, चेहऱ्यावर कायम गृहपाठ विसरल्याचा भाव. "जगात ढ कोणी नसतो," असं साडू नोकरीभर सांगत आले होते. आता ते सिद्ध करायचं होतं. वायरिंगची प्लास्टिकची पट्टी कापून त्यांनी दोन फाट्यांची गल्ली केली, तिच्यात विहिरीचं पाणी भरलं. डावीकडे वळलं तर कलेजीचा कण, उजवीकडे वळलं तर डोळ्यांवर टॉर्च. माझ्या मेहुणीचं, म्हणजे ताईंचं, स्वयंपाकघर कडक शाकाहारी, त्यामुळे कलेजी शेजारच्या चाचांच्या फ्रिजमध्ये. दुबईहून परतलेले चाचा कुंपणाच्या दगडी गडग्यावरून हाक मारत, "मास्तर, पोरांचा डबा घेऊन जा!"

ताईंना या पोरांचा मनस्वी तिटकारा. पडवीभर ताईंच्याच पराती, आणि परातींत किडे. शेवटी तह झाला. साडूंचे एक प्राध्यापक मित्र लांज्याहून येतील, त्यांच्यासमोर किडा डावीकडे वळला तर पडवी किड्यांची. नाहीतर सगळे परत पऱ्यात.

प्राध्यापक आले. साडूंचा पट्टशिष्य फाट्यापाशी थबकला आणि ऐटीत उजवीकडे गेला. साडू पांढरे पडले. गल्लीला नाक लावून म्हणाले, "ही घासली कोणी?"

"मी!" ताई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर काय कलेजी लागलेली वस्तू मांडू?" सकाळच्या भांड्यांबरोबर त्यांनी गल्लीही राखेनं लख्ख केली होती.

प्राध्यापक खो खो हसले. "अहो, हे प्राणी सरपटताना बुळबुळीत माग सोडतात. तुमचा शिष्य शिकला नव्हता, आधीच्या मागावरून चालत होता. कॉपी करत होता!"

आयुष्यभर पोरांच्या बाह्या तपासलेल्या माणसाला हा शब्द फार लागला. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. परातींना मात्र ताईंनी हात लावला नाही. "पुन्हा बोलवा त्यांना," एवढंच म्हणाल्या. आणि कधी स्वतःचा कप न विसळलेले साडू प्रत्येक फेरीआधी गल्ली स्वतः घासू लागले.

आता साडू नाहीत. परातींत पुन्हा कणीक मळली जाते. पण ती फेरपरीक्षा माझ्या डोळ्यांसमोर आहे. घासलेली गल्ली, ताजं पाणी. किडा फाट्यावर आला, मान इकडे केली, तिकडे केली. साडू ओठ घट्ट मिटून उभे, कारण परीक्षेत शिकवायचं नसतं. एक उजवं वळण, की ताईंची पडवी मोकळी.

किडा डावीकडे वळला. पण प्राध्यापकांनी निकाल राखून ठेवला, कारण त्याच्या क्षणभर आधी उंबऱ्यावरून ताई जिवाच्या आकांतानं ओरडल्या होत्या, "अरे मेल्या, डावीकडे! इतकं शिकवलंय त्यांनी तुला, वळ ना डावीकडे!"