चौथी हाक

काका हाक मारायच्या आधी डावा तळहात कानावर ठेवायचे. मान थोडी वर, डोळे मिटलेले, आणि मग एकदम, "हाजिर होऽऽ!" व्हरांड्यातली कबुतरं उडायची. खरंच उडायची, मी रोज बघायचे. कोर्टात पहिल्यांदा आलेला माणूस तर हमखास हातातला चहा सांडायचा.

तुम्ही कधी तारखेला गेला असाल तर असा पट्टेवाला तुम्हीपण बघितला असेल. पण आमच्या काकांसारखा नाही, पैज लावते. कारण हा माणूस घरी कुजबुजायचा! हेंद्रेपाड्याला आमची चाळ, आमच्या भिंतीला त्यांची भिंत, तरी त्यांचा आवाज कधी इकडे आला नाही. खिशात ज्येष्ठमधाची काडी. कोण काही मोठ्याने बोललं की म्हणायचे, "हळू बोल. आवाज काय नळाचं पाणी आहे काय?"

नळाला पाणी आलं की बायका त्यांच्या मागे लागायच्या, "भाऊ, एक हाक मारा ना, सगळ्यांना कळेल." काका हात जोडायचे. "आवाज सरकारचा आहे, वहिनी. घरी आणत नाही."

आणि हाका फक्त तीन. "तीन हाकांत आला तर आला. चौथी हाक कलेक्टरलापण नाही." हे वाक्य आमच्या चाळीत पोरांनापण पाठ होतं. एकदा काकू शेजारी गप्पा मारत बसल्या होत्या. काकांनी दारातून तीनदा हळूच हाक मारली, काकूंना ऐकूच गेलं नाही, तर हा माणूस न जेवता झोपून गेला! काकू म्हणाल्या, "अहो, मी तिथे हातभरावर होते." काका म्हणे, "पुकारा झाला होता."

सरकारचा आवाज त्यांनी बाहेर एकदाच वापरला. महाशिवरात्रीला आम्ही सगळे अंबरनाथच्या देवळाच्या जत्रेला गेलो होतो आणि माझा धाकटा भाऊ हरवला. आई रडायला लागली. काकांनी उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून कानावर तळहात ठेवला. भावाचं नाव, पप्पांचं नाव, "राहणार हेंद्रेपाडा, हाजिर होऽऽ!" अख्खी जत्रा गप्प. भाऊ पाळण्याच्या बाजूने रडत रडत आला, आणि त्याच्यामागून आणखी दोन अनोळखी पोरंपण आली! त्यांना वाटलं आपल्यालाच पकडायला आलेत.

बारावीनंतर मी टायपिंग शिकले तेव्हा काकांनीच मला कोर्टाबाहेर एका सिंधी अंकलकडे चिकटवलं. अंकल उल्हासनगरचे. ताडपत्रीखाली दोन टाइपरायटर, अर्ज, ॲफिडेव्हिट, भाडेकरार, सगळं करून मिळेल. मी खटाखट चालू झाले की अंकल ओरडायचे, "अरे बेटा, मशीन को मारेगी क्या?" तिथून व्हरांडा सरळ दिसायचा. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

नव्वदनंतरची गोष्ट. चामटोलीचा एक पोरगा, काशिनाथ. कंपनीत कामाला होता. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर भांडण झालं आणि एका ठेकेदाराच्या पोराने त्याला गुप्ती मारली. त्याचा बाप विठू भाजीची पाटी घेऊन बाजाराला चालला होता, तो वाटेतच धावत गेला. पोरगा बापाच्या मांडीवर गेला. जायच्या आधी त्याने मारणाऱ्याचं नाव घेतलं, आणि ते फक्त बापाने ऐकलं.

म्हणजे सगळी केस त्या म्हाताऱ्यावर. गेटसमोरचा पानवाला साक्षीला आला आणि "मी काही बघितलं नाही" म्हणून मोकळा झाला. फुटला. आता म्हातारा बोलला तर ठीक, नाहीतर ठेकेदाराचं पोरगं सुटून घरी.

केस चालू झाल्यावर काय गर्दी व्हायची, बाप रे! लोक टेम्पो भरून यायचे. बोर्ड, घोषणा, "काशिनाथ विठूला न्याय मिळालाच पाहिजे!" "खुन्याला फाशी द्या!" वडापाववाल्याने दुसरी कढई लावली. आमच्या टेबलाला टेकून लोक चर्चा करायचे. ती आई बघितली का, कोण ती? ती कोपऱ्यातली, हिरव्या लुगड्यातली. छे, ती कशी असेल, ती तर रडत नाहीये. एक बाई तर खास तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, बघून आली आणि मैत्रिणीला म्हणाली, "काय गं बाई दगड असतात एकेक." मी टाइप करता करता ऐकत होते.

आणि गंमत सांगू? घोषणा देणाऱ्यांतल्या निम्म्यांना विठू कोण तेच माहीत नव्हतं. एकदा म्हातारा पाणी प्यायला उठला तर बोर्ड धरलेल्या पोराने त्यालाच ढकललं. "ओ बाबा, मागे व्हा, पेपरवाले फोटो काढतायत."

त्या नवराबायकोला व्हरांड्यातल्या बाकावर काका बसवायचे. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपीची आई बसायची, कारण बाक एकच होतं. मधे माठ. काका दोघींना पाणी द्यायचे, त्याच पेल्याने. कोणीतरी टोकलं तर म्हणाले, "पेला कोर्टाचा आहे. तो कोणाच्या बाजूचा नसतो."

विठूच्या साक्षीचा दिवस आला. सकाळपासून तोबा गर्दी. ठेकेदाराची माणसंपण दोन जीप भरून आलेली. अफवा अशी की म्हाताऱ्याला जमीन देऊ केलीय, म्हातारा फुटणार. अंकलपण म्हणाले, "देख लेना बेटा, बाप बिक जाएगा. गरीब आदमी क्या करेगा?" आणि बाहेर पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतायत, "काशिनाथ विठू अमर रहे!" तास न् तास तेच. माझ्या तर डोक्यात ते नाव भिनलं. मी एका भाडेकरारात भाडेकरूच्या जागी काशिनाथ टाइप करून बसले, कागद फाडून टाकावा लागला.

आत केस निघाली. काका दारात आले. तळहात कानावर, मान वर.

"काशिनाथ विठू, राहणार चामटोली, हाजिर होऽऽ!"

कबुतरं उडाली. बाकावरचा म्हातारा हलला नाही.

तुमच्या लक्षात आलं ना? गावाकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. बाप विठू काशिनाथ, पोरगा काशिनाथ विठू. साक्ष बापाची होती. सकाळपासून कानावर आदळणारं नाव काकांच्या जिभेवर बसलं होतं, तेच बाहेर पडलं.

पण तेव्हा कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही! दिवसभर ते नाव घेऊन ओरडणाऱ्यांच्यापण नाही. ते म्हातारा उठत नाही एवढंच बघत होते.

"काशिनाथ विठूऽऽ, राहणार चामटोली!" दुसरी हाक.

म्हाताऱ्याने मान वळवली आणि फाटकाकडे बघितलं. आपण कोणाची वाट बघताना बघतो ना, तसंच. मी टाइप करायची थांबले.

गर्दीत कुजबुज चालू झाली. "उठत नाय बघ." "फुटला." "पोराला विकलं रे म्हाताऱ्याने!" एकाने तर शिवी दिली. जीपवाले हसले.

तिसरी हाक झाली. काका वळले. तीन हाका झाल्या, आता आत जाऊन साक्षीदार गैरहजर सांगायचं. तेवढ्यात काशिनाथची आई उठली. इतक्या तारखांना मी तिचा आवाज ऐकला नव्हता. काकांच्या जवळ गेली आणि एकदम साधं विचारल्यासारखं म्हणाली, "दादा, त्याला मी कुठून आनू?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग बाकावरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्यांचा हात अजून कानाजवळच होता, तो खाली आला. पट्ट्यावरचं पितळ त्यांनी उगाच पुसलं आणि आत गेले.

आत काय झालं ते मला शिरस्तेदारांनी नंतर सांगितलं. जजसाहेबांनी विचारलं, "हजर आहे का?" काका म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी मयताला पुकारलं." साहेबांनी लिहिणं थांबवलं. बचावाचा वकील उठून म्हणाला, तीन पुकारे झालेत, साक्षीदार आलेला नाही, नोंद घ्यावी. काका मधेच बोलले. पट्टेवाला मधे बोलतो का कधी? "साहेब, त्यांना अजून एकपण हाक मारलेली नाही." साहेब म्हणाले, "मग मारा."

काका बाहेर आले. सगळ्यांना वाटलं आता परत तो आवाज येणार. दोघांनी तर कान झाकले. काकांनी हात वर घेतलाच नाही. गर्दीतून वाट काढत बाकापाशी गेले, वाकले, आणि घरी बोलायचे त्या आवाजात म्हणाले,

"विठूभाऊ, तुम्हाला बोलावलंय. चला."

म्हातारा लगेच उठला. टोपी सारखी केली आणि त्यांच्यामागून चालायला लागला. दारातला एक जण तेव्हापण बोललाच, "आता किती मिळाले, बाबा?" काकांनी थांबून त्याच्याकडे फक्त बघितलं. तो बाजूला झाला.

मी अंकलला "कागद संपले" सांगून सटकले आणि दारात घुसले. म्हातारा पिंजऱ्यात उभा. सगळं बोलला, नावपण घेतलं. मग बचावाच्या वकिलाने घेरलं. "गेटवर एवढी माणसं, एवढा आरडाओरडा. मुलगा नाव बोलला ते दुसऱ्या कोणालाच कसं ऐकू आलं नाही?"

म्हातारा म्हणाला, "हलू बोलला तो. त्याच्यात जोर कुठं ऱ्हायलेला? मी तोंडाशी कान नेला तवा मला ऐकू आला."

वकिलाने फिरवून फिरवून तेच विचारलं. म्हाताऱ्याने तेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आरोपीची आई बाहेर बाकावर पदर तोंडात घालून बसलेली. तिचंपण मला वाईट वाटलं, काय करू?

निकाल लागेपर्यंत गर्दी पातळ झाली होती, पण निकालाला परत टेम्पो आले. जन्मठेप झाली. अर्धे लोक चिडले, फाशी का नाही म्हणून. अर्ध्यांनी फाटकात फटाक्यांची माळ लावली. त्या आवाजाने काशिनाथची आई दचकली आणि तिने काकांचा हात धरला. "सुटला का वो तो?"

"नाही वहिनी. जन्मठेप झाली त्याला."

"मंग फटाके कोन लावतंय?"

 काका त्या दोघांना मागच्या दाराने रस्त्यापर्यंत सोडून आले.

त्यानंतर काका बदलले. म्हणजे आवाज तोच, कबुतरं तशीच उडायची. पण कोर्ट सुरू व्हायच्या आधी ते व्हरांड्यात प्रत्येकापाशी जाऊन हळूच विचारायचे, "तुमचं नाव? वडिलांचं?" लोकांना वाटायचं काहीतरी नवीन नियम निघालाय. आणि घरी जेवायला बोलवायचं तर काकू जिथे असतील तिथे जाऊन शेजारी उभे राहायचे. काकू आईला म्हणायच्या, "हल्ली अगदी कानाशी येऊन सांगतात हो. मला बाई भीतीच वाटते, यांना झालंय काय!" आणि लाजायच्या.

दरवर्षी भात झोडून झालं की विठूबाबा चामटोलीहून नवीन तांदळाचं गाठोडं घेऊन यायचे. काका नको नको म्हणायचे, मग चहा व्हायचा. दोघं ओट्यावर बसायचे आणि काही म्हणजे काही बोलायचे नाहीत! मला तर बघूनच कंटाळा यायचा. एकदाच विठूबाबांनी विचारलेलं ऐकलं, "तुमच्या बाचं नाव काय वो?" काकांनी सांगितलं आणि विचारलं, "का?" तर म्हणाले, "असावा म्हायती."

काका रिटायर व्हायच्या आधीच गेले. सकाळी ड्रेस घालताना छातीत कळ आली, बस. कोर्टातून सगळे आले, अंकलपण आले, हातात हार घेऊन नुसते उभे. "इतना बड़ा आवाज, बेटा," एवढंच म्हणाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि काकूंकडे एकदम शांत झालं. तशी ती खोली आधीपण शांतच होती, पण ही शांतता वेगळी.

चामटोलीला कळवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. भात झोडून झालं आणि एका दुपारी विठूबाबा गाठोडं घेऊन दारात. काकूंनी काही सांगायची गरजच पडली नाही. समोर भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली काकांचा फोटो, हार घातलेला. मी तिथेच काकूंबरोबर तांदूळ निवडत बसले होते.

बाबांनी गाठोडं खाली ठेवलं. टोपी काढली. मला वाटलं आता रडतील. ते फोटोच्या अगदी जवळ गेले, मान थोडी पुढे केली आणि एकदाच, हळू आवाजात बोलले. काकांचं नाव. मग काकांच्या वडिलांचं नाव. मग म्हणाले, "राहनार हेंद्रेपाडा."

पुढचे दोन शब्द ते बोलले नाहीत.